पिपाणीची तार

दर शनिवारी सकाळी दहा वाजता मास्तर आईबापांना झापायचे. दारावरच्या कागदावर ‘पालकांशी गप्पा’ असं लिहिलेलं असायचं, पण गप्पा कसल्या, झापणंच ते. ड्रायव्हिंग स्कूलची पुढची खोली केवढी, तर सहा खुर्च्या आणि एक बाक मावेल एवढी. एका भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, दुसऱ्या भिंतीवर फळा. मास्तर फळ्याला पाठ लावून उभे राहायचे आणि चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांची बिनपाण्याने करायचे.

“पोर माझ्याकडे येतं अठराव्या वर्षी,” ते म्हणायचे, “पण गाडी चालवायला ते तिसऱ्या वर्षापासून शिकतंय. तुमच्याकडून! मागच्या सीटवर बसून. तुम्ही फोन मांडीवर ठेवता, ते बघतंय. तुम्ही पिवळ्या दिव्याला गाडी दामटता, ते बघतंय. आणि मग मला सांगता, मास्तर, आमच्या कार्ट्याला शिस्त लावा.”

आईबाप खाली बघायचे. मग मास्तर जरा मऊ व्हायचे. पोराच्या शेजारी निदान पन्नास तास बसा, म्हणायचे. पावसात बसा, ऊन डोळ्यांवर येतं तेव्हा बसा. ओरडू नका, स्टिअरिंगला हात घालू नका. आणि चूक झाली की चूक झाली म्हणून तिथल्या तिथे सांगा. “आज पोराच्या चुकीवर पांघरूण घालाल,” हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य, “तर उद्या तेच पांघरूण रस्त्यात दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालावं लागेल.” एवढं झालं की कुणीही प्रश्न विचारायचं नाही. सगळे गपगुमान उठून जायचे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण ते नंतर कळलं. तोवर मास्तरांचा शब्द म्हणजे गावात शेवटचा शब्द. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराने कुणाला साधं खरचटवलं नव्हतं. एकाही नाही!

त्यांच्या या नावाचं सगळं श्रेय होतं पिपाणीला. शिकवायची गाडी तुम्ही पाहिली असेल. शिकणाऱ्याच्या पायाशी जसा ब्रेक असतो, तसाच एक शेजारी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही असतो. शिकणारा चुकला की शिकवणारा आपला ब्रेक दाबतो आणि गाडी थांबते. मास्तरांनी त्या आपल्या ब्रेकला एक तार जोडून डॅशबोर्डखाली छोटा भोंगा बसवला होता. मास्तरांचा पाय नुसता टेकला तरी तो ‘पीं’ करून केकाटायचा. मुलांनीच त्याचं नाव पिपाणी ठेवलं. पिपाणी वाजली म्हणजे हे थांबणं तुझं नाही बाबा, माझं. दिवसभरात ज्याची जितकी वेळा पिपाणी वाजेल तो आकडा संध्याकाळी फळ्यावर, नावापुढे. त्यात दयामाया नाही. लायसन्सच्या परीक्षेलाही हीच गाडी चालायची. परीक्षक मागे बसायचा, मास्तर पुढे, आणि पिपाणी वाजली की पोर नापास. पुढे दुसरं काही बघायचंच नाही, इतका परीक्षकाचा त्या पिपाणीवर विश्वास.

तर अशा मास्तरांची एकुलती एक लेक. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण पाळण्यातसुद्धा ती एका जागी राहिली नव्हती. अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ती पहाटेच तयार होऊन गाडीच्या बॉनेटवर बसली होती. “बाबा, मी तुझी मुलगी आहे, मला आठ दिवस पुरे,” म्हणाली.

आठ दिवसांनी फळ्यावर तिच्या नावापुढे आकडा होता अकरा.

हात तिचा सुरेख होता. गिअर लोण्यासारखे पडायचे, गाडी वळणावर जराही डगमगायची नाही. पण उजवा पाय उशिरा यायचा. पुढे काही आडवं आलं की तिचे डोळे बघायचे, डोकं समजायचं, आणि पाय मात्र कुठेतरी अर्धा श्वास अडकून बसायचा. तेवढ्यात मास्तरांचा पाय गेलेला असायचा आणि पीं! पुन्हा पीं! दुसऱ्या आठवड्यात अकराचे तेरा झाले. बाकावर बसलेली मुलं हसायची. एकाने फळ्यावर तेराच्या पुढे पिपाणीचं चित्र काढलं. भिंगरी घरी येऊन जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि सकाळी आईला म्हणाली, मला नाही शिकायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे.

तिची आई दातांच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर लोकांच्या कळा बघून आलेली बाई, घरातली कळ तिला सोसवेना. “अहो, जगाची पोरं शिकवता,” ती मास्तरांना म्हणाली, “आणि आपलीच रडवता होय? जरा दमानं घ्या की.”

मास्तरांचं काळीज तुटत होतं, हे तिला कुठे माहीत! आणि खरं सांगायचं तर नुसतं काळीजच नव्हतं. फळ्यावर सगळ्यात मोठा आकडा मास्तरांच्या पोरीचा, हेही त्यांना सलत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ते डॅशबोर्डखाली वाकले आणि पिपाणीची तार उपटली. दोन दिवसांपुरती, असं मनाशी म्हणाले. पोरीला जरा धीर आला की परत जोडू.

त्या दिवशी फळ्यावर भिंगरीच्या नावापुढे शून्य लागलं. बाकीच्यांना तार जोडून शिकवायचं, आणि तिची पाळी आली की चहाच्या निमित्ताने आधी गाडीपाशी जाऊन तार काढायची, असं सुरू झालं. अर्धा श्वास आधी मास्तरांचा पाय हळूच जायचा, लोणी कापावं तसा. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले, त्यामुळे तिकडचाही खाली जायचा. भिंगरीचा पाय पोचेपर्यंत तिचा ब्रेक निम्मा दाबलेलाच असायचा. तिने नुसता पाय ठेवायचा, आणि गाडी अलगद उभी. “बघितलंस बाबा? जमलं!” तिचा चेहरा असा काही फुलायचा की मास्तरांना वाटायचं, असू दे. पाय काय, येईल मागोमाग. सवयीने येतोच.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. शून्य, शून्य, शून्य. भिंगरीने त्या फळ्याचा फोटो काढून फोनवर लावला. पाय मात्र मागोमाग आला नाही. का येईल? त्याला वाटत होतं आपण वेळेवर आहोत.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी ठरवलं होतं, की आज तार जोडायची आणि व्हायचं ते होऊ दे. सकाळी वाकलेसुद्धा. तेवढ्यात मागून भिंगरी आली, त्यांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “बाबा, आज तू फक्त बसायचं हं.” आणि त्यांनी तार तशीच सोडली. परीक्षेत ते फक्त बसले नाहीत. एकदाच पाय टेकवला, असं ते स्वतःला सांगत राहिले. शपथेवर सांगायचं तर तीनदा. मागे बसलेल्या परीक्षकाने कागदावर शेरा मारला, की मास्तरांची मुलगी शोभते खरी.

घरात आईची छोटी गाडी होती, साधी, शेजारी ब्रेक नसलेली. त्या गाडीची किल्ली मागितली की मास्तर काहीतरी खुसपट काढायचे. आज टायर बघायचेत, आज गर्दी आहे, आज मीच सोडतो. मिस्त्रीकडे नवे ब्रेक पॅड टाकून घेतले, उगाचच. हा मिस्त्री त्यांचा जुना दोस्त, चौकातल्या गॅरेजचा मालक. शिकवायची गाडीही सव्वीस वर्षं त्याच्याच हाताखाली. पॅड टाकताना तो हसला होता. “मास्तर, जुने अजून वर्षभर चालले असते. पोरीच्या काळजीनं तुम्ही माझे पाने-पक्कड झिजवाल.”

“काळजी असतेच,” मास्तर म्हणाले, आणि विषय तिथेच संपवला.

शेवटी एक दिवस बायकोने विचारलंच. “पास झाली ना ती? मग किल्ली का देत नाही? तिच्या पायात काही खोट आहे का?”

हीच ती वेळ होती. हो म्हणायचं होतं. एक अक्षर! मास्तरांनी तोंड उघडलं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “छे गं. खोट कसली?”

त्याच आठवड्यात, दुपारी चारला, भिंगरी आईला दवाखान्यातून आणायला एकटी निघाली. किल्ली आईनेच दिली होती. ऊन स्वच्छ होतं. रस्ता मोकळा होता. फोन मागच्या सीटवर, पर्समध्ये बंद. पट्टा लावलेला, वेग बेताचा. बाबांनी शनिवारी सांगितलेलं सगळं तिने पाळलं होतं. चौकाच्या अलीकडे पांढऱ्या पट्ट्यांवरून म्हातारे शिंपीकाका रस्ता ओलांडत होते, हातात कुणाचा तरी इस्त्री केलेला कोट घेऊन. तिच्या शाळेचा गणवेश दर वर्षी तेच उसवून लांब करून द्यायचे. तिने त्यांना ओळखलं. रोज ठेवायची त्याच वेळी, रोज ठेवायची तितकाच पाय ब्रेकवर ठेवला.

गाडी थांबली नाही.

शिंपीकाका चौथ्या दिवशी गेले.

त्या चार दिवसांत भिंगरी एकच वाक्य बोलत होती. मी ब्रेक वेळेवर दाबला, तो लागला नाही. पोलिसांना तेच, आईला तेच, शिंपीकाकांच्या सुनेसमोर हात जोडून तेच. ती खोटं बोलत नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते ती सांगत होती. आणि मास्तर तिच्या शेजारी उभे राहून ऐकत होते. पोरीकडे बघितलं की बोलवेना, आणि खाली बघितलं की आपलाच उजवा पाय दिसायचा.

ब्रेक लागला नाही म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार? पॅड टाकणाऱ्याकडे. पोलिसांनी गॅरेजला टाळं लावलं. पाचव्या दिवशी मिस्त्री मास्तरांच्या त्या पुढच्या खोलीत येऊन बाकावर बसला. मोठा माणूस, पण पोरासारखा दिसत होता.

“मास्तर, त्यांनी गाडी तपासली. ब्रेक लागतोय म्हणतात, पण खात्री देत नाहीत. पोरगी तर छातीठोक सांगतेय. ती खोटं बोलणारी नव्हे, मी तिला अंगाखांद्यावर खेळवलंय.” त्याने दोन्ही तळवे पुढे केले. “मी रात्रंदिवस तेच आठवतोय. बोल्ट आवळला होता का? तेल भरलं होतं का? मला आठवतंय की भरलं. पण आता वाटतं, नसेलही. तुम्हीच सांगा, माझ्याकडून राहिलं असेल का हो?”

मास्तरांनी त्याच्यासाठी पाणी आणलं. एवढंच त्यांना सुचलं. म्हाताऱ्याचा जीव गेला होताच, आता एक धडधाकट माणूस आपल्या हातांवरचा विश्वास घालवून बसला होता, आणि मास्तर पाण्याचा पेला धरून उभे! मिस्त्री गेल्यावर ते गाडीपाशी गेले आणि डॅशबोर्डखाली वाकून तार जोडली. बैल गेला आणि झोपा केला. पिपाणी एकदा वाजवून पाहिली. चांगली वाजली.

सातव्या दिवशी जबाबाला बोलावणं आलं. आई जागेवरून उठलीच नाही, किल्ली मी दिली, मी दिली, एवढंच पुटपुटत होती. तिची गाडी पोलिसांत जमा, म्हणून मास्तर शिकवायची गाडी घेऊन निघाले. भिंगरी मागे बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढताना ती म्हणाली, “बाबा, तू सांग ना त्यांना. तू सांगितलंस की ऐकतील.”

अधिकारी शांत माणूस होता. त्याच्या स्वतःच्या मुलाला मास्तरांनीच शिकवलं होतं, तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली. भिंगरीने फोन त्याच्यापुढे सरकवला. फळ्याचा फोटो. दोन महिन्यांची शून्यं, ओळीने.

“हे बघा,” ती म्हणाली. “या दोन महिन्यांत माझा पाय एकदाही उशिरा गेलेला नाही. एकदाही पिपाणी वाजलेली नाही. बाबा शेजारीच होता. विचारा त्याला.”

अधिकाऱ्याने मास्तरांकडे बघितलं. “मास्तर, सव्वीस वर्षं गावात तुमच्या शब्दावर लायसन्स मिळतंय. तुम्ही म्हणाल ते लिहितो. मुलीचा पाय कसा आहे?”

भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. गेल्या सात दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड होता, जमलं म्हणायची तेव्हाचा. मास्तरांना वाटलं, पुन्हा एकदा पाय टेकवावा. हळूच. कुणाला कळणार नाही. मिस्त्री अडकेल, पण पोरगी वाचेल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आडात दुसऱ्याला ढकलायची सोय होती, तीच वाईट.

“उशिरा येतो,” मास्तर म्हणाले.

“काय?” भिंगरी म्हणाली.

“पहिल्यापासून उशिरा येतो. मी तार काढून ठेवली होती. ब्रेक मी दाबत होतो. परीक्षेतसुद्धा. तिला माहीत नाही. तिला काहीच माहीत नाही.” मग त्यांना सगळं नीट सांगायचं होतं, मिस्त्रीचं, पॅडचं, पण निघालं एवढंच. “मिस्त्रीच्या कामात खोट नाही, एवढं लिहा,” म्हणाले.

अधिकाऱ्याने पेन उचललं. मग लिहायला लागला. स्कूलचा परवाना गेला, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तरांवर गुन्हा दाखल होणार होता, आणि पोरीवरचा काही मिटणार नव्हता. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणे! मास्तरांच्या मनाचं ओझं रतीभरही हललं नाही.

बाहेर लांबलचक व्हरांड्यात भिंगरी थांबली. ती रडली असती, ओरडली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हिशेबाचं गणित सोडवावं तशी कपाळाला आठ्या घालून उभी होती.

“त्यातला माझा कुठला?” तिने विचारलं.

“कुठला काय?”

“दोन महिने मी रोज थांबले. शाळेच्या गेटपाशी कुत्रं आलं होतं तेव्हा. ती बाई बाबागाडी घेऊन अचानक उतरली तेव्हा. तू पाठ थोपटलीस माझी. त्यातलं एक तरी थांबणं माझं होतं का?”

मास्तरांनी आठवून बघितलं. खरंच मनापासून आठवलं, कारण एक जरी सापडलं असतं तरी ते तिच्या ओंजळीत ठेवायचं होतं. पण त्यांचा पाय नेहमीच आधी गेलेला होता. ती थांबली असती की नसती, हे बघायला त्यांनी एकदाही वाट पाहिली नव्हती.

“माहीत नाही गं,” ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि पायऱ्या उतरली. गाडीपाशी येऊन तिने या वेळी मागचं दार उघडलं नाही. पुढचं उघडलं आणि मास्तरांच्या जागेवर बसली, त्यांच्या ब्रेकशी. मास्तर चालवायला बसले.

पहिल्या वळणावर समोरून कुणीच येत नव्हतं. तरी पीं झालं. गाडीने झटका खाल्ला. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती, पाय ब्रेकवर. शाळेपाशी पीं. बँकेच्या कोपऱ्यावर पीं. मास्तर वेग आणखी कमी करत गेले, माणूस चालेल इतका, तरी प्रत्येक ठिकाणी त्यांच्या आधी तिचा पाय जात होता. आता तो उशीर करत नव्हता.

मग तो चौक आला. पांढरे पट्टे, पलीकडे शिंपीकाकांचं बंद दुकान, दाराला त्यांच्या सुनेने लावलेला कागद. दिवा हिरवा होता, पट्ट्यांवर कुणी नव्हतं. भिंगरीने ब्रेक दाबला तो तळापर्यंत, आणि दाबूनच ठेवला. गाडी उभी राहिली. पिपाणी केकाटायला लागली, थांबेना. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. कुणीतरी बाजूने जाताना काच खाली करून शिवी दिली, आणि मास्तरांना ओळखून गप्प झालं.

“भिंगरे,” मास्तर म्हणाले, “पाय काढ बाळा. रस्ता मोकळा आहे.”

तिने समोरची नजर हलवली नाही.

“तू कधी काढला होतास?” ती म्हणाली.

दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मास्तर स्टिअरिंग धरून बसून राहिले आणि पिपाणी वाजत राहिली.